सक्शनला गेज बसवा : पंपाच्या पाइपिंगवर वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांत पंपाची पाइपलाइन आणि प्रेशर गेज यांवरचे प्रश्न सर्वांत जास्त होते. त्यांतले पाच इथे घेतले आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, कारण बाकीच्यांतल्या निम्म्या शंका त्यातच सुटतात. सक्शन म्हणजे पंपाची पाणी आत घेणारी बाजू, डिलिव्हरी म्हणजे बाहेर टाकणारी, आणि फ्लँज म्हणजे टोकाची, बोल्टनं जोडायची चकती.

प्रश्न : जालन्यात आमची री-रोलिंग मिल आहे. सळई थंड करायच्या पाण्यासाठी ताशी ६० घनमीटर, ३५ मीटर हेडचा (पाणी तेवढं उंच चढवणारा) पंप आहे. सक्शन फ्लँज ४ इंची, डिलिव्हरी ३ इंची, आणि दोन्हीकडे त्याच मापाचे पाइप टाकलेत. हौदाची पातळी पंपाच्या चार मीटर खाली. सुरुवातीला ठीक चालतो, पण तासाभरानं आतून खडे फिरल्यासारखा आवाज यायलाय, प्रेशर उतरायलंय. कपलिंगचे (पंप आणि मोटर जोडणाऱ्या भागाचे) रबर बुश महिन्यात झिजायलेत. पंप बदलून पाहिला, तेच. आता लाइन नव्यानं टाकायची आहे. काय काय सांभाळावं?

उत्तर : तुमच्याकडे दोन वेगवेगळे दोष एकत्र आले आहेत. आवाज आणि प्रेशर हा सक्शनचा दोष, रबर बुश हा पाइपाच्या ताणाचा. नवा पंप घेऊन दोन्ही तसेच राहिले, यात नवल नाही.

आधी आवाज. पंप पाणी ओढत नसतो, हौदावरची हवा ते वर ढकलत असते. समुद्रसपाटीला हवेचा हा दाब १०.३ मीटर पाण्याएवढा असतो. जालना, छत्रपती संभाजीनगर हा भाग ५०० ते ६०० मीटर उंचीवर असल्यामुळे आपल्याला सुमारे ९.७ मीटरच मिळतो. त्यातून चार मीटर उचल वजा करा. ४ इंची पाइप, एक बेंड आणि जाळीचा फुटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या तळाचा, पाणी परत जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) यांचं घर्षण साधारण १.१ मीटर. उरले ४.६. आता पाण्याचं तापमान बघा. ३० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब ०.४ मीटर, ५० अंशांना १.३ मीटर. म्हणजे सकाळी थंड पाण्यावर पंपाच्या तोंडाशी ४.२ मीटर शिल्लक असतात आणि मिलचं गरम पाणी हौदात फिरून आलं की ३.३. तुमच्या पंपाच्या कर्व्हवर ‘एनपीएसएच’ची, म्हणजे पंपाच्या तोंडाशी कमीत कमी किती मीटर शिल्लक हवेत त्याची, रेघ असेल, ती या प्रवाहाला साडेतीन मीटरच्या आसपास दाखवत असेल तर बिघाड तासाभरानंच का येतो ते लगेच कळतं. शिल्लक कमी पडली की इंपेलरच्या (पंपातल्या फिरत्या पंख्याच्या) डोळ्यापाशी, म्हणजे मधल्या तोंडापाशी, पाणी उकळतं, बुडबुडे पुढे जाऊन फुटतात, आणि तोच खड्यांचा आवाज. वैशाखात हौदाची पातळी आणखी अर्धा मीटर उतरली की काय होईल, ते याच हिशोबावरून दिसतं.

पंपाचं फ्लँज जेवढं तेवढाच पाइप, ही चूक सगळीकडे दिसते. ताशी ६० घनमीटरला ४ इंची पाइपात वेग सेकंदाला १.९ मीटर होतो, ३ इंचीत सव्वातीन. सक्शनला एक ते दीड मीटर आणि डिलिव्हरीला दोन ते अडीच मीटर वेग धरावा. म्हणून सक्शन ५ इंची घ्या, त्यात वेग १.२५ च्या आसपास राहील आणि घर्षण निम्म्यावर येईल. डिलिव्हरी ४ इंची घ्या. पाइप आयएस १२३९ चा मीडियम क्लास पुरेसा आहे.

५ इंचीवरून पंपाच्या ४ इंची तोंडाला येताना रिड्यूसर एक्सेंट्रिकच (एक बाजू सपाट असलेला) हवा, आणि त्याची सपाट बाजू वर. कॉन्सेंट्रिक (सगळीकडून सारखा निमुळता) लावला की वरच्या कोपऱ्यात हवा अडकते, ती साठत जाते आणि मधूनच इंपेलरमध्ये शिरून पंप पाणी सोडतो. त्याच कारणानं आडवा सक्शन पाइप हौदापासून पंपाकडे चढता ठेवा. मीटरला १० मिमी चढ पुरे, पण मध्ये कुठे उंचवटा नको. सक्शनला स्लुइस व्हॉल्व्ह असेल तर त्याचा स्पिंडल आडवा ठेवा, म्हणजे बॉनेटमध्ये हवा साठत नाही. पंपाच्या तोंडाला थेट बेंड लावू नका. पाण्याला सरळ होऊन आत शिरायला पाइपाच्या मापाच्या पाचपट तरी सरळ लांबी द्या, ५ इंचीला साधारण ६५० मिमी. जागा असेल तर दुप्पट.

हौदात फुटव्हॉल्व्ह सर्वांत खालच्या पातळीतही पाऊण मीटर पाण्याखाली आणि तळापासून ३०० मिमी वर असू द्या. रोलिंग मिलच्या हौदात स्केलचा गाळ झपाट्यानं बसतो, म्हणून तळाची ही मोकळी जागा कमी करू नका. परतीचं पाणी सक्शनपाशीच पडत असेल तर ते सोबत हवा घेऊन जातं आणि गरमही असतं. परतीची लाइन हौदाच्या दुसऱ्या टोकाला न्या, मध्ये आडवी भिंत घाला. एवढ्या एका बदलानं बऱ्याच ठिकाणी आवाज निम्मा होतो.

आता रबर बुश. पाण्यासकट ५ इंची पाइपाचं वजन मीटरला तीस किलोच्या घरात जातं. हे वजन पंपाच्या फ्लँजवर लटकलं, किंवा फ्लँज जुळत नाही म्हणून बोल्टनं ओढून बसवलं, तर पंपाचं केसिंगच सरकतं आणि कपलिंगची अलाइनमेंट जाते. पंपाला स्वतःच्या पाइपाचा भार कळताच कामा नये. क्रम असा ठेवा : बेसप्लेट लेव्हल करून ग्राउटिंग, ग्राउट पूर्ण पक्कं होऊ द्यायचं, मग पंप-मोटर अलाइनमेंट, आणि त्यानंतर पाइप. पाइप पंपाच्या फ्लँजपासून सुरू करून बाहेर न्यायचा, शेवटचा जोड पंपापासून लांब घ्यायचा. पहिला सपोर्ट पंपापासून अर्ध्या-पाऊण मीटरवर, जमिनीवर पक्का उभा केलेला.

जोडण्याआधी दोन्ही फ्लँज समोरासमोर आणून बोल्ट हातानं आरपार जातात का पाहा. फिलर गेजनं चारही बाजूंची फट मोजा, फरक अर्ध्या मिमीच्या आत हवा. मग कपलिंगवर डायल इंडिकेटर लावून फ्लँजचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीनं आवळत जा. काटा ०.०५ मिमीपेक्षा जास्त हलला तर बोल्ट सोडा, पाइप कापा आणि पुन्हा वेल्ड करा. यात अर्धा दिवस जातो, पण दर महिन्याचे बुश वाचतात. वेल्डिंग करताना अर्थिंगची क्लँप पंपाच्या बेसला लावायची सवय अनेकांना असते. करंट बेअरिंगमधून जातो, गोळ्यांवर बारीक खड्डे पडतात आणि बेअरिंग थोड्याच दिवसांत ओरडू लागतं. क्लँप वेल्डच्या शेजारी, त्याच पाइपावर लावा.

एक शेवटचं, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचं. तुमच्या पत्रात सक्शन गेजचा उल्लेखच नाही. डिलिव्हरीला गेज असतो, सक्शनला नसतो, आणि मग बिघाड कुठल्या बाजूला आहे हे अंदाजानं ठरवावं लागतं. सक्शनला कंपाउंड गेज बसवा, एका बाजूला ७६० मिमी पारा व्हॅक्यूम आणि दुसऱ्या बाजूला २ किलोपर्यंत (दर चौरस सेंटीमीटरला) प्रेशर दाखवणारा. टॅपिंग पाइपाच्या कुशीत घ्या. वरून घेतलं तर हवा बसते, खालून घेतलं तर गाळ.

दोन्ही गेज मिळून बोलतात ते असं. डिलिव्हरी ३.२ किलो आणि सक्शन २६० मिमी व्हॅक्यूम, म्हणजे उणे ०.३५ किलो, तर फरक ३.५५ किलो, म्हणजे ३५.५ मीटर. त्यात डिलिव्हरी गेजच्या मध्यापासून सक्शनच्या टॅपिंगपर्यंतची उभी उंची मिळवा, समजा ०.७ मीटर. पंप ३६.२ मीटर हेड देतोय, हे पाच मिनिटांत कळलं. पुढे कधी डिलिव्हरी उतरली आणि व्हॅक्यूम वाढला, तर फुटव्हॉल्व्हची जाळी किंवा सक्शन तुंबलंय. डिलिव्हरी उतरून व्हॅक्यूमही कमी झाला आणि दोन्ही काटे नाचू लागले, तर कुठून तरी हवा येतेय : ग्लँड (शाफ्टभोवतीचं सील), सक्शनचं गॅस्केट, नाहीतर उघडी पडलेली जाळी. काटे स्थिर आहेत पण दोन्ही आकडे हळूहळू महिनोन्महिने उतरत गेले, तर इंपेलर आणि वेअर रिंग झिजल्यात. डिलिव्हरी वाढली आणि व्हॅक्यूम कमी झाला, तर पुढे कुठे तरी अडथळा आहे, बहुधा नोझल तुंबलेत. डिलिव्हरी उतरली, व्हॅक्यूम वाढला आणि मोटरचे अँपिअरही वाढले, तर पंप गरजेपेक्षा जास्त पाणी फेकतोय : पुढे लाइन फुटली आहे किंवा एखादा व्हॉल्व्ह जास्त उघडा राहिलाय. जाळी तुंबल्यावर अँपिअर उतरतात, इथे चढतात, त्यामुळे गेजसोबत अँमीटर पाहायची सवय ठेवा.

नवी लाइन चालू करताना डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप सुरू करा आणि बंद व्हॉल्व्हवरचं प्रेशर लिहून ठेवा. एक-दोन मिनिटांपेक्षा जास्त तसा चालवू नका, आतलं पाणी तापतं. हे प्रेशर कर्व्हपेक्षा बरंच कमी आलं तर आधी मोटर उलटी तर फिरत नाही ना, ते पाहा. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरूनही पाणी देतो, फक्त कमी देतो, त्यामुळे फसगत होते. पहिल्या दिवसाचे आकडे पंपाशेजारच्या भिंतीवर ऑइलपेंटनं लिहा.

प्रश्न : वाळूजमधल्या आमच्या युनिटमध्ये डिलिव्हरी गेजची सुई सतत थरथरते आणि दोन-तीन महिन्यांत गेज निकामी होतो. प्रेशर ४ किलो आहे, गेज ०–२५ चा आहे, म्हणजे क्षमता भरपूर आहे. गेज पंपाला लागून असलेल्या बेंडवरच आहे.

उत्तर : भरपूर क्षमता हाच पहिला दोष. गेजची अचूकता पूर्ण स्केलवर धरतात. एक टक्क्याचा ०–२५ चा गेज पाव किलो इकडे-तिकडे दाखवू शकतो, म्हणजे अडीच मीटर हेड. त्यावरून पंपाची झीज कळणं शक्य नाही. रोजचं प्रेशर स्केलच्या मध्यापासून दोन तृतीयांशाच्या दरम्यान येईल असा गेज घ्या. तुम्हाला ०–७ चा चालेल, मात्र पंपाचं बंद व्हॉल्व्हवरचं प्रेशर त्याच्या आत आहे याची खात्री करा. १०० मिमी डायल, ग्लिसरीन भरलेला. नव्या ग्लिसरीन गेजला वर रबरी बूच असतं. काही गेजमध्ये बसवल्यावर त्याचं टोक कापायचं किंवा कळ उघडायची असते. ते राहिलं तर तापमान वाढल्यावर आत दाब कोंडतो आणि सुई शून्यावर येत नाही.

दुसरा दोष जागेचा. बेंडवर पाणी एका बाजूला आदळतं, तिथलं रीडिंग खरं नसतं. फ्लँज किंवा बेंडपासून पाइपाच्या मापाच्या दुप्पट अंतर सोडून सरळ पाइपावर टॅपिंग घ्या. भोक ६ मिमीचं, ड्रिलनं पाडलेलं हवं. गॅस कटरनं पाडलेल्या भोकाच्या आत वितळलेली धार राहते, पाणी तिथे भोवरा घेतं आणि सुई नाचते. आतली धार गोल कानशीनं काढता आली तर काढाच.

मग जुळणी अशी : १५ मिमीचं हाफ सॉकेट, छोटं निपल, नीडल व्हॉल्व्ह, स्नबर, गेज. स्नबरमधल्या बारीक वाटेमुळे दाबाचे धक्के सुईपर्यंत पोचत नाहीत. तुमचं पाणी बोअरचं असेल तर स्नबर सहा महिन्यांनी काढून साफ करा. आपल्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं आणि क्षार त्या बारीक वाटेत बसतात. सुई एकाच आकड्यावर ‘छान स्थिर’ राहिली आणि पंप बंद केल्यावरही तिथेच राहिली, तर वाट तुंबली असं समजा. गेज तपासायला नीडल व्हॉल्व्हऐवजी तीन तोंडांचा गेज कॉक लावला तर गेज न काढता हवेला मोकळा करून शून्य बघता येतं. थोडे पैसे जास्त जातात, पण आम्ही तोच सुचवतो. रीडिंग घ्यायच्या वेळेपुरता कॉक उघडा ठेवला तर गेज वर्षानुवर्षं टिकतो.

बसवताना गेजची डबी हातानं धरून पिळू नका, आतली नळी आणि दातेरी चक्र यांचा सांधा हलतो. खालच्या चौकोनावर किंवा षटकोनावर पाना लावा. आणि टेफ्लॉन टेप. सरळ आट्याच्या बीएसपी गेजमध्ये पाणी आट्यांवर अडत नाही, तळातल्या वॉशरवर अडतं. तिथे तांब्याचा किंवा फायबरचा वॉशर टाका. टेपचे दहा वेढे घालून जोर लावला तर सॉकेट तडकतं, गळती राहते. टेप निमुळत्या आट्यांना.

पंपच थरथरत असेल तर गेज भिंतीवर घ्या, ६ मिमीच्या नळीनं. गेज टॅपिंगच्या वर असेल तर दर मीटर उंचीमागे ०.१ किलो मिळवा, खाली असेल तर वजा करा.

प्रश्न : लातूरच्या तेल मिलमध्ये बॉयलरला पाणी देणारा मल्टिस्टेज पंप आहे. फीड टाकीतलं पाणी ९० अंशांपर्यंत तापवतो. टाकी पंपापेक्षा जेमतेम एक मीटर उंच आहे. पंप मध्येच पाणी सोडतो. गेजही जळाल्यासारखे होतात.

उत्तर : पहिल्या उत्तरातला हिशोब इथे जास्त कडक होतो. लातूर ६३० मीटरच्या आसपास उंचीवर आहे, हवेचा दाब ९.६ मीटर. ९० अंशांच्या पाण्याच्या वाफेचा दाब ७.४ मीटर. राहिले २.२. पंपाला ३ मीटर लागत असतील, पाइप आणि गाळणीचं घर्षण अर्धा मीटर आणि वर अर्ध्या-पाऊण मीटरची मोकळीक, तर टाकीतली कमीत कमी पातळी पंपाच्या मध्यापेक्षा दोन मीटर वर हवी. एक मीटरवर पंप चालेल तो नशिबावर. टाकीचा स्टँड वाढवा. ते जमणार नसेल तर पाणी ८० अंशांवर ठेवा. त्या तापमानाला वाफेचा दाब ४.९ मीटरच असतो, म्हणजे अडीच मीटर मोकळे होतात. सक्शनला पूर्ण बोअरचा बॉल व्हॉल्व्ह लावा, ग्लोब नको. वाय स्ट्रेनर दर आठवड्याला उघडा.

गेजचा प्रश्न सोपा आहे. बॉर्डन नळीच्या (आतल्या वाकड्या नळीवर चालणाऱ्या) गेजला ६० अंशांवरचं पाणी मानवत नाही. टॅपिंग आणि गेजमध्ये सायफन, म्हणजे डुकराच्या शेपटीसारखी वळलेली नळी लावा आणि गेज बसवण्याआधी तिच्यात गार पाणी भरा. ती रिकामी ठेवली तर पहिल्या मिनिटालाच गरम पाणी गेजमध्ये जातं. बॉयलर साडेदहा किलोचा असेल तर फीड पंपाच्या डिलिव्हरीला ०–२१ चा गेज ठीक.

आयबीआर (इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स) खाली येणाऱ्या फीड लाइनवर आपल्या आपण भोक पाडून सॉकेट मारू नका. त्या भागाला मंजूर ड्रॉइंग आणि मान्यताप्राप्त वेल्डर लागतो. टॅपिंग पंपाच्या केसिंगवरच्या प्लगमधून मिळत असेल तर तेच घ्या.

प्रश्न : परभणीजवळच्या जिनिंगमध्ये आगीच्या पाण्याचा पंप बसवतोय. पंपाच्या ४ इंची फ्लँजची भोकं पाइपाच्या फ्लँजशी जुळत नाहीत. फिटर म्हणतो, गॅसनं लांबट करून घेऊ. चालेल?

उत्तर : नाही. बहुधा पंपाचं फ्लँज ‘टेबल ई’चं आहे आणि तुम्ही आणलंय एएसए १५० चं. ही फ्लँजच्या मापांची दोन वेगळी मानकं. दोन्हीला आठ बोल्ट, दोन्ही ४ इंचीच, पण भोकांच्या वर्तुळाचा व्यास पहिल्याचा १७८ मिमी आणि दुसऱ्याचा १९०.५ मिमी. लांबट भोकात बोल्टचं डोकं अर्धवट टेकतं आणि फ्लँज तिरकं बसतं. आगीच्या वेळी जी लाइन भरवशानं उभी राहायला हवी, तिच्यात हे करूच नका. वर्तुळ मोजा, त्याच टेबलचं फ्लँज विकत आणा, काही शे रुपयांचं काम आहे.

आणखी एक पाहा. पंपाचं केसिंग बिडाचं असेल तर त्याचं फ्लँज सपाट असतं. समोर उंच तोंडाचं स्टीलचं फ्लँज आणि त्यावर छोटं गोल गॅस्केट आलं की बोल्ट आवळताना बिडाचा कान वाकवला जातो आणि तडकतो. सपाट फ्लँज आणि बोल्टच्या भोकांसकट पूर्ण तोंडाचं ३ मिमी गॅस्केट घ्या. लाइनची चाचणी कामाच्या प्रेशरच्या दीडपट घ्या, त्या वेळी पंप आणि गेज दोन्ही वेगळे काढून तोंडं ब्लँक करा.

प्रश्न : डिलिव्हरीला आधी एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) की आधी बंद-चालूचा व्हॉल्व्ह? (नांदेड)

उत्तर : पंप, रिड्यूसर, गेजचं टॅपिंग, एनआरव्ही, मग व्हॉल्व्ह. असं असलं की एनआरव्हीची फ्लॅप अडकल्यावर पुढचा व्हॉल्व्ह बंद करून, वरच्या टाकीतलं पाणी न सोडता ती उघडता येते. गेज एनआरव्हीच्या आधीच हवा. पुढे लावला तर पंप बंद असतानाही तो लाइनमधलं प्रेशर दाखवत राहतो, आणि ऑपरेटरला वाटतं पंप चालू आहे.